मांडवाखालची विहीर

१

“विहिरीला नाक असतं होय रे? तोंड असतं? मग आता तिला सकाळ-संध्याकाळ चमच्यानं पेज बी भरवू का?”

थियाम-लाय एवढ्या जोरात ओरडला की घोसाळ्याच्या मांडवावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. ज्याच्यावर ओरडत होता तो तिथं नव्हताच. तो होता आ-तेक, बायकोचा धाकटा भाऊ. काओशुंग शहरात आपल्या मोटरसायकलच्या दुकानात गिऱ्हाईक करत बसला असेल. त्याचा फोन कधीच बंद झाला होता. पण थियाम-लायचं भांडण फोन बंद झाल्यावरच रंगात यायचं. समोर माणूस असला की त्याला शब्द सापडत नसत, नुसत्या मानेच्या शिरा फुगत. माणूस गेला की एकेक मुद्दा सुचायचा.

“विहीर माझ्या बापाची. जागा माझी. पाइप माझा. आणि हा दुकानात बसून मला शिकवतो! दाजी, झाकण फोडा, ताई धापा टाकतेय. अरे, ताईचं वय काय, उकाडा काय! कुत्री बी धापा टाकतायत गावातली. त्यांच्या बी विहिरी मीच बुजवल्या का?”

गोष्ट एवढीच होती. घरामागच्या परसात जुनी विहीर होती. गावात नळ आला तेव्हा बापानं ती दगडमाती टाकून बुजवली. त्या मुलखात विहीर बुजवताना आत एक पोकळ नळी उभी सोडतात, तोंड जमिनीच्या वर. आधी बांबूची असायची, आतल्या गाठी फोडलेली, आता प्लास्टिकची असते. विहिरीला दम घेता यावा म्हणून. न सोडली तर काय होतं, ते कुणी नीट सांगत नाही. न सोडणारा कुणी नव्हताच, तर सांगणार कोण?

यंदा पावसानंतर डेंग्यूवाले घरोघर फिरले. तोंडाला फडकं बांधलेल्या एका पोरीनं पाइपात बॅटरी मारली आणि म्हणाली, “काका, आत पाणी चमकतंय. डास होतील. तोंडाला जाळी बांधून टाका.”

जाळी बांध म्हणाली होती, एवढंच. पण थियाम-लाय तेव्हा नुकताच जांबाच्या बागेत फवारणी करून आला होता. अंगाची लाही झालेली, त्यात परक्या पोरीनं परसात उभं राहून हुकूम सोडलेला. जाळी कसली बांधतोय! त्यानं करवत आणली, पाइप जमिनीलगत कापला आणि वर घमेलंभर सिमेंट थापून मोकळा झाला.

बायको बाजारातून आली तेव्हा सिमेंट ओलंच होतं. ग्योक-लान तिचं नाव. ही बाई एरवी मीठ जास्त पडलं तरी मिठागरवाल्याच्या आईपर्यंत पोचणारी. त्या दिवशी पिशवी खाली ठेवली, उकिडवी बसली, सिमेंटवर बोटं टेकली. बराच वेळ तशीच बसली. मग उठून भात टाकायला गेली.

एक शब्द बोलली नाही. थियाम-लायला तेच खुपलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं दुप्पट दिल्या असत्या आणि विषय संपला असता.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिला धाप लागायला लागली.

२

बुजवलेल्या विहिरीची माती भुसभुशीत, म्हणून घोसाळ्याचे वेल ग्योक-लान तिथंच लावायची. वर बांबूचा मांडव, खाली आल्याच्या कुंड्या, कडेला रताळ्याचा पाला. हंगाम संपत आला की ती एकेक वेल गुडघ्याएवढ्या उंचीवर कापायची. मुळाकडचा बुंधा वाकवून दारूच्या रिकाम्या बाटलीत घालायचा, तोंडाला चिंधी गुंडाळायची. मूळ पाणी ओढत राहतं, थेंब थेंब बाटली भरते. ते पाणी बाया तोंडाला लावतात.

“ह्या वयात कुणाला भुलवायचं हाय म्हातारे?”

“तुला न्हाई, माकडा. तुझी नजर गेली. पलीकडचा टोफूवाला अजून बघतो.”

“तो टोफूवाला तिरळा हाय. तो माझ्याकडं बघत असंल.”

अशी त्यांची दर वर्षीची बोलणी. यंदा ती हसली, पण हसता हसता मांडवाचा बांबू धरून उभी राहिली. तोंड उघडं, बाजारातल्या पाटीतल्या माशासारखं.

“आत जाऊन पड,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून मायेचं बोलणंही खेकसल्यासारखंच निघायचं.

ती आत गेल्यावर तो बाटली बघायला वाकला. पहिला वेल आदल्या दिवशी कापलेला, बाकीचे अजून मांडवावर हिरवे होते. एव्हाना बाटली गळ्यापर्यंत यायला हवी होती. पण आत थेंब नव्हता. होती नुसती वाफ. काच आतून धुरकट झालेली, थंडीत आपण फुंकर मारल्यावर आरसा होतो तशी.

उकाडा हाय, त्याला वाटलं.

मग काच स्वच्छ झाली. पलीकडची आल्याची कुंडी लख्ख दिसली. तो उठणार, तेवढ्यात काच परत धुरकटली. परत स्वच्छ. परत धुरकट.

ऊन-सावलीमुळं होत असणार. त्यानं डोक्यावरची टोपी काढून बाटलीवर धरली. टोपीच्या सावलीत काच धुरकटली, थांबली, हळूहळू निवळली. त्यानं खांद्यावरचा पंचा ओला करून बाटलीला गुंडाळला. पंच्याच्या फटीतनं बघितलं. तेच.

थियाम-लाय तसा देवभोळा नव्हता. देवळात जायचा तो जेवणावळीला. पण त्या दिवशी त्याला एक आठवलं. मागं बादलीत पडून एक कोंबडीचं पिल्लू बुडालं होतं, मान टाकलेलं. ग्योक-लाननं ते तळहातावर घेतलं आणि त्याच्या चोचीत हळूहळू फुंकर घालत बसली. मेलं ते, टाक, असं तो दहादा म्हणाला. तिनं ऐकलं नाही. आणि पिल्लाची छाती हलली.

घुसमटणारं काही तिला बघवत नसे.

त्यानं बुंधा बाटलीतनं उपसला आणि बाटली उकिरड्यावर फेकली. संध्याकाळी बघतो तर ती पुन्हा बुंध्यावर होती, धुऊन पुसून.

३

दुपारच्या जेवणानंतर दोघं खालच्या खोलीत फरशीवर चटई टाकून पडायची. पाठीला फरशी गार लागते. बाहेर अशी दुपार की मांडवावरची पानं ओल्या फडक्यांसारखी लोंबत होती. पान हलत नव्हतं.

आणि स्वयंपाकघराचं जाळीचं दार वाजत होतं.

टक. मग काही नाही. मग टक.

वारा असता तर दार खडखडलं असतं. हे तसं नव्हतं. कुणी हलकेच आत ओढावं, धरून ठेवावं आणि सोडावं, तसं. थियाम-लाय उठला, दाराला कडी घातली, वर सुतळीचा वेढा मारला. येऊन पडला. आता दाराला गप्प बसणं भाग होतं. ते बसलं.

मग मोरीच्या खोलीतून आवाज आला. फरशीतल्या जाळीचं झाकण. उचलल्यासारखं, टेकल्यासारखं.

“गटार तुंबलंय,” तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी जागं नव्हतं, तरी म्हणाला. बादलीभर पाणी जाळीवर ओतलं. पाणी गेलं नाही. फरशीवर तळं होऊन थांबलं. मग एका घोटात सगळं खाली गेलं, आणि त्यानं श्वास टाकायच्या आत तेवढंच पाणी परत वर आलं, जाळीच्या काठापर्यंत, आणि तिथं थरथरत राहिलं. त्याला शेवाळाचा वास होता.

हवा अडकली असणार. नळात हवा अडकली की असंच होतं, बागेच्या पंपाला पण होतं. त्यानं पंप दुरुस्त केलेत. हे पण करील.

तो खोलीत परत आला आणि बायकोकडं बघून उभाच राहिला.

ती कुशीवर झोपली होती. छाती हलत नव्हती. मोरीतलं झाकण टेकलं. तिची छाती वर आली, खाली गेली. झाकण उचललं गेलं. ती थांबली. त्यानं गुडघ्यावर बसून तिच्या नाकाशी हात धरला. काही नाही. काही नाही. झाकण टेकलं, तेव्हा त्याच्या तळहाताला ऊब लागली.

“ए,” त्यानं तिला हलवलं. “ए म्हातारे!”

“काय हाय?” तिनं डोळे उघडले.

“झोपेत दम घ्यायचं विसरतेस काय?”

“बेणं कुठलं. झोपू दे,” ती म्हणाली, आणि ते म्हणायला तिला दोनदा थांबावं लागलं.

४

सकाळी त्यानं तिला जबरदस्तीनं स्कूटरवर बसवलं. आरोग्य केंद्रातली बाई आदल्या आठवड्यात घरी येऊन छाती तपासून गेली होती, मांडवाखालीच, चहा घेत. म्हणाली होती, काही नाही, छाती स्वच्छ. पण आता त्याला तिच्यावर भरवसा नव्हता. मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं.

“मला न्हाई यायचं,” ग्योक-लान म्हणाली.

“तुला कोण विचारतंय?”

“कोंबड्यांना पाणी ठेवायचं राहिलं.”

“कोंबड्या मरत न्हाईत अर्ध्या दिवसात.”

“कोंबड्या न्हाई मरत,” ती म्हणाली.

गावाच्या वेशीपर्यंत ती त्याच्या पोटाशी हात घालून नीट बसली होती. देवळापाशी तिचे हात सैल पडले. कालव्याच्या पुलावर तिचं कपाळ त्याच्या पाठीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि मग तिथंच टेकून राहिलं. त्यानं स्कूटर थांबवून मान वळवली. तिचे ओठ वांग्याच्या सालीसारखे झाले होते. डोळे उघडे, पण कुठं बघतायत कळत नव्हतं.

पुढं दवाखाना, मागं घर. कुठल्याही शहाण्या माणसानं पुढं दामटली असती. थियाम-लायनं तसंच केलं. थोडं पुढं गेला, आणि पाठीमागून तिच्या घशाचा असा आवाज आला की त्याचे हात आपोआप वळले. भर पुलावर स्कूटर फिरवली. मागचा ट्रकवाला त्याच्या आईबहिणीवर गेला, त्यानं उलट शिवीही दिली नाही.

देवळापाशी ती खोकली. गल्लीच्या तोंडाशी तिचे हात परत त्याच्या पोटाशी आवळले. घर दिसलं तेव्हा ती म्हणाली, “मासे घ्यायचे राहिले.”

त्यानं स्कूटर लावली आणि फाटकाला धरून उभा राहिला. ट्रकच्या धुरानं झालं असणार. सकाळी रिकाम्या पोटी निघालो, त्यानं झालं असणार. हे त्यानं स्वतःला दोन-तीनदा नीट समजावून सांगितलं, जसं आ-तेकला सांगितलं असतं तसं, हात हलवून.

ग्योक-लान तोवर परसात गेली होती. चपला न काढता.

५

पपईचे देठ त्याला स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात सापडले. पानं खुडलेली, नुसते लांब पोकळ देठ, दोन्ही टोकं सुरीनं नीट कापलेली. एका टोकाला माती. दुसऱ्या टोकाला दातांचे वळ.

कुंपणाजवळच्या पपईची खालची पानं सगळी गेली होती. वरच्या शेंड्याला तेवढा झुबका उरलेला.

“हे काय?”

“कोंबड्यांना घातलं.”

“कोंबड्या देठ चावतात? दातांनी?”

“माझ्या कोंबड्या हुशार हायत,” ती कांद्याची पात चिरत म्हणाली. मध्ये थांबली, सुरी वर धरून. मोरीतलं झाकण टेकल्याचा आवाज आला. मग पुढं चिरायला लागली. “तुझ्यासारख्या न्हाईत.”

थियाम-लाय हसला नाही. तिच्या मनगटाची हाडं वर आली होती. मानेच्या खळगीत अंगठा मावला असता. ही बाई पोत्यासारखी दणकट होती, त्याच्याबरोबर जांबाची खोकी उचलायची. हे सगळं किती दिवसांत झालं? तो रोज बघत होता. रोज बघणाऱ्याला दिसत नाही की काय?

“ग्योक-लान,” तो म्हणाला. नावानं तो तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी हाक मारायचा.

तिनं सुरी खाली ठेवली.

“जेवून घे,” ती म्हणाली. “मग झोप. आज नीट झोप. सारखा उठून दारं बांधत बसू नको.”

६

तो चटईवर पडला, तोंड भिंतीकडं करून घोरायला लागला. घोरण्याचं सोंग त्याला चांगलं जमायचं. ती उठली. पावलं स्वयंपाकघरातून गेली. जाळीच्या दाराची सुतळी सुटल्याचा आवाज आला.

तो अनवाणी मागोमाग गेला आणि पाण्याच्या रांजणाआड उभा राहिला.

ऊन असं होतं की परसातली प्रत्येक गोष्ट कातरून चिकटवल्यासारखी दिसत होती. मांडवाखाली हिरवा अंधार. त्यात ग्योक-लान उकिडवी बसली होती, पाठमोरी. सिमेंटच्या झाकणाला मधोमध भोक होतं, बोटाएवढं, एरवी आल्याच्या कुंडीखाली लपलेलं. ते तिनं सिमेंट ओलं असतानाच पाडलं असणार, त्या दिवशी, बोटं टेकून बसली होती तेव्हा. भोकात पपईचा देठ खोचलेला. देठाचं दुसरं टोक तिच्या तोंडात.

त्याला वाटलं फुंकतेय. चुलीशी फुंकणी धरून बसावं तशी बसली होती. त्याला जवळजवळ हसू आलं. म्हातारी खुळी झाली, विहिरीला फुंकतेय, एवढंच ना? दोन शिव्या घालू, घरात नेऊ.

मग त्याला दिसलं की ती फुंकत नव्हती.

तिचे गाल आत गेले होते. पाठीवर घामानं चिकटलेला सदरा आत आत जात होता, बरगड्या एकेक करून वर येत होत्या, आणि ते थांबतच नव्हतं. माणसाच्या पोटात एवढा श्वास नसतो. शेवटी खांदे पुढं मिटले, भिजलेल्या कागदासारखे. तशीच ती राहिली.

आणि जमीन वर आली.

फार नाही. भाताच्या पातेल्यावरचं झाकण वाफेनं उचलतं तेवढी. पण गोल. बापाची विहीर जेवढी रुंद होती तेवढी गोल, आल्याच्या कुंड्यांसकट, रताळ्याच्या पाल्यासकट, उकिडव्या बसलेल्या त्याच्या बायकोसकट. कुंड्या एकमेकींवर किणकिणल्या. मग जमीन सावकाश खाली बसली आणि ग्योक-लानची पाठ भरायला लागली. ती भरत नव्हती, तिला कुणी भरत होतं. खांदे सरळ झाले, मान वर झाली, मानेवरच्या बारीक केसांच्या बटा हलल्या.

तिनं न वळता एक हात मागं केला, तळवा त्याच्याकडं.

थांब.

७

“मोठ्यानं बोलू नको,” देठ तोंडातून काढून ती म्हणाली. “आता तिची बारी हाय.”

“कुणाची?” त्याचा आवाज फाटला. “कुणाची बारी? कोण हाय खाली?”

“मला काय ठाऊक. मी बघाय गेले का?” ती थांबली, कुंड्या किणकिणल्या, मग पुढं बोलली. “नवी नवरी आले तवापासनं तिचं पाणी प्याले. तू तोंड दाबलंस. सिमेंटवर बोटं टेकली तवाच कळलं मला, कशी करत होती. कसं सोडू?”

“फोडतो. आत्ता फोडतो.” तो घरात धावला. घण घेऊन आला. आ-तेक बरोबर होता, तर होता बरोबर. आयुष्यभर ऐकून घेईन त्या पंक्चरवाल्याचं. त्यानं घण उचलला आणि ग्योक-लान झाकणावर आडवी पडली.

“बाजूला हो!”

“फोडशील तर सगळं निघून जाईल,” ती म्हणाली. “आत माझाच दम हाय आता. तिच्याकडं तिचा उरलाच न्हवता काही. माझाच दिला, तो ती घेते, परत देते. भोक मोठं केलंस तर जाईल. मग मी कशानं घेऊ?”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“दम घेताना कळतं, माकडा.”

थियाम-लाय घण धरून उभा राहिला. आयुष्यात त्यानं जे मोडलं ते रागानं मोडलं आणि जे दुरुस्त केलं ते पण रागानंच. आता हातात घण होता आणि मारायला जागा नव्हती. जागेवर त्याची बायको पडली होती, चिमणीसारखी.

“आण इकडं!” तो गरजला. घण टाकला, तिच्या हातातून देठ हिसकला आणि तोंडात धरला.

वाटलं होतं काही होणार नाही. सगळं तिच्या डोक्यात हाय, असं दाखवून द्यायचं होतं.

खालून गार हवा आली. शेवाळाची, जुन्या मातीची. आणि त्या मातीत मिसळलेला दुसरा वास, आलं आणि तिळाच्या तेलाचा, उशीवर रोज सकाळी येतो तो. तिच्या तोंडाचा वास. तो त्याच्या छातीत भरत गेला, त्याला नको असताना, बरगड्या दुखेपर्यंत. मग थांबला. मग खालून ओढ आली.

त्याच वेळी त्याच्या मागं ग्योक-लाननं श्वास घेतला. मोठा, आवाज करून, तान्ह्या पोरानं पहिला घ्यावा तसा. लगेच दुसरा. जमिनीकडं न बघता. कुंड्या किणकिणायची वाट न बघता.

त्यानं डोळे वळवून बघितलं. तिच्या ओठांत रंग येत होता.

ती उठली आणि देठावर झडप घातली. त्यानं एका हातानं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. पूर्वी तिनं त्याला उताणा पाडला असता. दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढला. बोलायला एवढीच सवड होती, खालची घेऊन थांबते तेवढी.

“दाजी? काय झालं? ताई कशीय?” आ-तेकच्या आवाजामागं एका मोटरसायकलचं इंजिन फुरफुरत होतं.

देठ. ओढ. सुटली.

“गाडी घेऊन ये.”

“झाकण फोडलंत का?”

देठ. ओढ. या वेळी जास्त वेळ लागला.

“ये.”

८

आ-तेकचा छोटा टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तो हाका मारत घरातून परसात आला, हाताला ग्रीस तसंच, आणि मांडवाच्या कडेला थबकला.

मांडवावरची सगळी पानं खाली वळली होती. एकूण एक, देठापासून, झाकणाच्या दिशेनं. मांडवाच्या हिरव्या अंधारात दाजी गुडघ्यावर बसले होते. तोंडात पपईचा देठ. शर्टाची बटणं बरगड्यांवर अडकलेली. एका हातानं त्यांनी ताईला मनगटांना धरून झाकणापासून लांब ठेवलं होतं, आणि ताई त्यांच्या खांद्यावर, पाठीवर डोकं आपटत होती. तिचा चेहरा लालबुंद होता. रडत होती, ओरडत होती, सलग, एका दमात.

“आ-तेक, ह्याला सांग! ह्याला न्हाई जमायचं! हा घाईचा माणूस हाय, कधी काही हळू केलंय ह्यानं? तिला घाई चालत न्हाई! मला दे म्हणावं, मला सवय झालीय!”

“दाजी,” आ-तेक म्हणाला. “दाजी, हे काय... उठा. उठा आधी.” तो एक पाऊल पुढं आला, आणि त्याच्या पायाखालची जमीन वर आली. तो जिथल्या तिथं मांडवाच्या बांबूला बिलगला.

थियाम-लायनं त्याला बघितलं. बोलायला हवं होतं, पण ओढ सुटत नव्हती. पहिल्यांदा ती लहान होती, पिल्लाएवढी. आता ती शेवटपर्यंत जायची, पोटाच्या तळापर्यंत, आणि तिथं काहीतरी चाचपडायची. डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. ग्योक-लान हे दिवसातून कितीदा करत होती? करून भात टाकत होती, कांद्याची पात चिरत होती, त्याच्याशी हसत होती.

झाकणाच्या भोकात, देठाच्या कडेनं, त्याला काहीतरी दिसलं. ओलं. ते मिटलं आणि उघडलं. त्यानं तिकडं पुन्हा बघितलं नाही.

ओढ सुटली.

त्यानं देठ तोंडातून काढला. ग्योक-लान त्याच क्षणी त्यावर झेपावली. तिला त्यानं मनगटाला धरून आ-तेकच्या अंगावर ढकललं, आयुष्यात कधी ढकललं नव्हतं तसं. आ-तेकनं तिला धरलं. ती त्याच्या हातावर नखं मारत होती, नवऱ्याला नावानं हाका मारत होती, आणि धाप तिला अजिबात लागत नव्हती.

“दाजी, मी झाकण फोडतो, तो घण द्या,” आ-तेक रडकुंडीला येऊन म्हणाला. “नाहीतर माणसं बोलावतो. थांबा तुम्ही, मी माणसं घेऊन—”

“न्हाई.”

“मग काय करू? सांगा तरी काय करू!”

आल्याच्या कुंड्या हलायला लागल्या. थियाम-लायनं देठ ओठांशी नेला आणि शेवटच्या उरलेल्या हवेत, न ओरडता, म्हणाला,

“तिला उचल, गाडीत घाल आणि नीघ.”